पुढच्याचा हात

"पण का नाही, मास्तर? कारण तरी सांगा!"

यशवीरचा आवाज चढला होता. भिकाजी मास्तर अंगणात बसून सायकलच्या साखळीला तेल घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"रविवारी हेमाचं वर्षश्राद्ध. सकाळी सगळी पोरं तिच्यासाठी वर जाणार. पुढची जागा माझी आहे."

"हं."

"शामारेलचा चढ या बेटावर माझ्याइतका लवकर कोण चढतो? तुम्हीच घड्याळ लावून पाहिलंय."

"पाहिलंय."

"मग?"

मास्तरांनी पेडल उलटं फिरवलं. साखळीचा आवाज कान देऊन ऐकला. आणखी एक थेंब सोडला.

"मग काही नाही," ते म्हणाले.

मॉरिशसच्या त्या कोपऱ्यात भिकाजी मास्तरांना सगळे ओळखत. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून बोटीने ऊस तोडायला आले. जुना, थंड झालेला ज्वालामुखी म्हणजे हे बेट. जमिनीत कुदळ मारली की काळा दगड. आजोबांनी ते दगड वेचून शेताकडेला ढीग रचले. ते ढीग अजून उसात उभे आहेत. मास्तर शनिवारी देवळाच्या ओसरीवर पोरांना मराठी शिकवत आणि रविवारी त्याच पोरांना सायकलवर घाट चढायला नेत.

घाटात त्यांचा नियम एकच होता. एकामागे एक, चाकाला चाक लावून चालायचं. मागच्याला रस्ता दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पुढच्याने हात करायचा. खड्डा, वाळू, दगड, जे असेल त्या बाजूला हात खाली न्यायचा. मागच्याने शंका न घेता बाजूला व्हायचं आणि आपल्या मागच्याला तसाच हात करायचा.

वर्षापूर्वी यशवीर आणि त्याची धाकटी बहीण हेमलता समुद्रापासून समुद्रापर्यंतचा विक्रम मोडायला निघाले होते. या बाजूने शामारेलवर चढायचं, पलीकडे उतरून पुन्हा समुद्र गाठायचा. तो पुढे, ती मागे. पलीकडच्या उतारावर एका वळणाला खड्डा होता. यशवीर त्याच्या कडेने निसटला. हेमाचं चाक आत गेलं.

ती एकोणीस वर्षांची होती. इस्पितळात दोन दिवस जगली. शुद्धीवर होती तेवढ्या वेळात तिने आईला, वडिलांना, पोलिसांना एकच सांगितलं, "दादाने हात केला होता. मीच पाहिलं नाही."

त्यानंतर मास्तरांनी यशवीरला पुढे येऊ दिलं नव्हतं. ओळीत तिसरा ठेवला होता. वर्षभर.

"तुम्ही मला दोषी धरता," यशवीर म्हणाला. "सरळ बोला की! ती स्वतः सांगून गेली, तरी तुम्ही..."

मास्तर उठले. तेलाचे हात धोतराला पुसले आणि सायकल रस्त्यावर आणली.

"चल."

"आत्ता?"

"तू पुढे. मी मागे."

यशवीरला हसू आलं. मास्तर एकाहत्तर वर्षांचे, सायकल त्यांच्याहून थोडीच लहान, गियर अवघे तीन. पण मागे वळून पाहावं तर मास्तर तिथेच होते, त्याच्या चाकाला चाक लावून, तोंड मिटून, एका लयीत. एक वळण गेलं, दुसरं गेलं. समुद्र खाली खाली जात निळ्या ताटाएवढा झाला. यशवीर चढत होता आणि त्याचा हात सारखा चालत होता. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"थांब," मागून आवाज आला.

दोघे थांबले.

"मघाशी काय दाखवलंस?"

"फांदी पडली होती."

"फांदी झाडावर आहे. रस्त्यावर तिची सावली होती. त्याआधी?"

"ओलं होतं."

"वाळलेलं पान होतं. त्याआधी?"

यशवीरने निघायला पेडलवर पाय ठेवला.

"पोरं तुला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"ट्रॅफिक पोलीस."

"हसतात. हसू देत. पण आता ती तुझ्या हाताकडे बघतच नाहीत, बाबू. मागच्या रविवारी तुझ्या मागची रोशनी दगडावर आदळली. खरा दगड होता. तू दाखवलाही होतास."

"आदळली म्हणून मी काय करू? दाखवलेलं बरंच ना? न दाखवण्यापेक्षा..."

वाक्य तिथेच राहिलं.

"न दाखवण्यापेक्षा..." मास्तरांनी ते हळूच उचललं. मग म्हणाले, "चल."

वर पोचल्यावर एक बाई रस्त्याकडेला तांबडे रानपेरू घेऊन बसली होती. मास्तरांना पाहून तिने कपाळावर हात मारला.

"मास्तर, या वयात? बस येते की वर!"

"बसमध्ये मला उलटी होते," मास्तर म्हणाले. तिने हसत मूठभर पेरू त्यांच्या खिशात कोंबले. त्यांनी एक यशवीरपुढे धरला. यशवीरने मान हलवली.

"खा. पुढे उतार आहे."

यशवीरने तो पेरू घेऊन खिशात टाकला.

पलीकडचा रस्ता तो वर्षभरात उतरला नव्हता. पोरं वर आली की तो काहीतरी निमित्त काढून आल्या वाटेने परत जायचा. आता मागे मास्तर होते आणि सायकल आपोआप वेग घेत होती. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधूनच समोर समुद्राची पांढरी रेघ. त्याचा हात पुन्हा चालू झाला. पानाला, सावलीला, डांबरावरच्या जुन्या डागालासुद्धा.

मग ते वळण आलं.

खड्डा बुजवलेला होता. नव्या डांबराचं एक ठिगळ होतं, बाकीच्या रस्त्याहून काळं. यशवीरचे दोन्ही हात ब्रेकवर आवळले गेले. सायकल घसरत जाऊन थांबली. मास्तर त्याच्या बाजूने वळून पुढे गेले, उतरले आणि सायकल ढकलत परत आले.

"इथे हात नाही केलास."

"इथे आता काही नाही. बुजवलाय."

"सावलीला करतोस."

यशवीरने पाय जमिनीवर टेकवले.

"इथे माझा हात उचलत नाही, मास्तर."

"आज? की त्या दिवशीही?"

खालून वारा आला. झाडीत कुठेतरी एक पाखरू ओरडलं आणि थांबलं.

"मला दिसला होता," यशवीर म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की मास्तरांना दोन पावलं जवळ यावं लागलं. "लांबून दिसला होता. हात करायचा म्हणजे एक हात सुटणार. एका हाताने या वळणाला वेग सांभाळता आला नसता, ब्रेक दाबावाच लागला असता. आम्ही विक्रमाच्या अकरा सेकंद पुढे होतो, मास्तर. अकरा... मला वाटलं, ती बघेल. इतकी वर्षं चालवतेय, बघेल की..."

"कुठे बघायची ती?"

"माझ्या हाताकडे," यशवीर म्हणाला.

आणि मग तो रस्त्यावरच खाली बसला. सायकल त्याच्या अंगावर कलंडली, ती त्याने बाजूला केली नाही. एक गाडी हळू झाली, मास्तरांनी हाताने जा म्हणून सांगितलं, ती गेली. मास्तरांनी सायकल उचलून झाडाला टेकवली आणि गुडघे धरत धरत त्याच्याजवळ बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं," यशवीर म्हणाला.

"नऊ वर्षं ती तुझ्यामागे चालवत होती. तुझा एक तरी हात तिने चुकवला होता?"

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"मी कोण बोलणार..."

यशवीरने बाहीने तोंड पुसलं. पुसून काही उपयोग झाला नाही.

"आई रोज संध्याकाळी दिवा लावते. लावून झालं की फोटोला रागावते. 'डोळे कुठे होते गं तुझे? दादा दाखवत होता ना? एवढं कसं दिसलं नाही तुला?' रोज, मास्तर. एक दिवस चुकत नाही. बाबा उठून बाहेर जातात. मी बाजूच्या खोलीत असतो. ऐकत असतो."

"आणि?"

"आणि काही नाही. रेडिओ लावतो."

मास्तरांनी हात पुढे केला आणि त्या काळ्या ठिगळावर तळवा ठेवला. उन्हाने ते तापलं होतं. तरी त्यांनी तळवा काढला नाही.

"सांगून टाकावंसं वाटतं," यशवीर म्हणाला. "खूपदा आईच्या दारापर्यंत जातो. पण ते हेमाने मला शेवटचं दिलेलं आहे. अंगात हाड धड उरलं नव्हतं, धाप लागत होती, तरी प्रत्येकाला तेवढंच सांगत राहिली. माझ्यासाठी. ते मी मोडू? तिचं शेवटचं बोलणं खोटं ठरवू?"

ऊन मास्तरांच्या पाठीवरून सरकून रस्त्यावर आलं.

"सांगा ना, मास्तर. पुढची जागा नको मला. कधीच नको. एवढंच सांगा, तिने दिलेलं मी परत कसं करू?"

मास्तरांनी तळवा उचलला. तो लाल झाला होता. त्याच हाताने त्यांनी यशवीरचा खांदा धरला आणि त्याला उभं केलं.

"पोरीने तुझं ओझं उचललं, बाबू, तेव्हा तिच्याकडे दोनच दिवस होते... वर्ष झालं. अजून तिच्याच डोक्यावर ठेवणार आहेस?"