काचेच्या कपाटातले दोन माउस

फार पूर्वीची ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची मलाच खात्री नाही. साताऱ्यातल्या एका संगणकाच्या दुकानात, काचेच्या कपाटात गेमिंगचे दोन माउस होते. एकाच्या अंगावर हवे ते रंग पेटवता येत. दुसरा करडा, एकच मिणमिणता दिवा असलेला. आज जो उरेल तो माळ्यावरच्या खोक्यात जाईल, असं दुकानदार मेघश्यामकाका सकाळीच म्हणाले होते.

"तू आत्ताच खोक्यात जाऊन बस," रंगीत म्हणाला. "तुझ्याकडे बघणार कोण?"

"न का बघेनात. हातात तरी घेतील," करडा म्हणाला. "मी नाही जायचा माळ्यावर."

दुपारी शर्वाणी नावाची मुलगी माउस घ्यायला आली. रंगीत पाहून हरखली. जांभळा, हिरवा, पुन्हा जांभळा करून पाहिला. मग खेळायला हात ठेवला, तर सगळे दिवे तळव्याखाली झाकले गेले. शिवाय ती डावखुरी आणि त्याची पाठ उजव्या हातासाठी घडवलेली. अंगठा कुठे टेकेना.

"काका, तो करडा द्या बरं."

करड्याची पाठ दोन्हीकडून सारखी होती. त्याने तिची एकही क्लिक चुकू दिली नाही.

खूप वर्षांनी मी तो तिच्या टेबलावर पाहिला. डाव्या अंगठ्याखालचा रंग पार उडाला होता, आणि माउस चालू होता.