यंत्र एकट्याचं, तर काजूही एकट्याचा

काजूची बी फोडताना आतला गर अख्खा राहावा, म्हणून विद्यापीठाने कुडाळच्या कारखानदारांसोबत नवे यंत्र बनवले. चाचण्यांसाठी आठ गावांच्या बागायतदारांनी आपला काजू दिला होता. यंत्र जमल्यावर सगळ्यात मोठे कारखानदार भाईसाहेब धुरी भर बैठकीत म्हणाले, "खर्चाचा मोठा वाटा माझा. यंत्र फक्त माझ्याच कारखान्यात चालेल."

छोट्या कारखानदारांचे चेहरे उतरले. विद्यापीठाच्या संशोधक मृदुला परुळेकर शांतपणे म्हणाल्या, "चालेल, भाईसाहेब. यंत्र एकट्याचं, तर काजूही एकट्याचाच. फक्त तुमच्या बागेतला घाला."

समोर बसलेल्या बागायतदारांनी जोरजोरात माना डोलावल्या.

"पण माझी बाग आहेच कुठे?" भाईसाहेब बोलून गेले आणि स्वतःच हसू लागले.

त्या हंगामात आठही गावांतल्या छोट्या कारखान्यांत यंत्रे पोचली. पहिले भाईसाहेबांनी आपल्याच टेम्पोतून पोचवले.