देवमाशिणीचा दम

एक होता राजा. त्याच्या राज्यात जमीन टीचभर आणि पाणी उदंड. एकच बेट, बरं का, आणि चारी बाजूंनी दर्या.

त्या बेटावर यसूबाय नावाची म्हातारी कोळीण राहायची. तिचे कान भारी तिखट. होडीतून वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायची, दांडा कानाला लावायची, आणि खाली घोळ मासा कुरकुरतोय की ढोमा, ते बिनचूक सांगायची. मग लोक तिथं जाळं टाकायचे.

एकदा काय झालं, राजा नारळी पुनवेला गलबतातून दर्याला नारळ वाहायला निघाला. मागं गावच्या साठ होड्या. सकाळची वेळ, ऊन चढत होतं. बेटाच्या खाडीतच होते सगळे, तेवढ्यात पाणी फुगलं आणि वर आली एक देवमाशीण! केवढी? आपली अख्खी आळी पाण्यात आडवी झाली तर होईल तेवढी. आणि कुशीला तिचं पिल्लू, अंगावर पिणारं.

राजाचा ऊर भरून आला. म्हणाला, "देव दारात आला नि त्याला मुकाट्यानं बघायचं? वाजवा रे! सगळ्या बेटाला दर्शन होईस्तोवर तिला खाडीबाहेर जाऊ देऊ नका. ज्याचा हात थांबेल, त्याची होडी जाळीन."

दुष्ट होता का राजा? छे गं. आपण पालखी वाजतगाजत आणतो, तसं त्याला वाटलं. तिथंच चुकला.

मग साठ होड्यांनी गोल धरला. ढोल, ताशे, पितळी थाळ्या, एकच दणका. तुम्ही रिकाम्या पिंपात बसलात आणि बाहेरून कुणी पिंप बडवलं तर कसं होईल? पाण्याखाली तसं झालं. देवमाशीण दचकली आणि तिनं बुडी मारली. पिल्लाला तेवढं खोल जाता येईना. ते वरच गरगर फिरत राहिलं.

यसूबाय थाळी वाजवत होती. एका हातानं वाजवत तिनं वल्ह्याला कान लावला. आणि ऐकू काय आलं? देवमाशिणीचं काळीज. रांजणाएवढं काळीज ते! धप्... मग पाच अंक मोजावेत... मग धप्. देवमासा बुडी मारतो ना, तेव्हा त्याचं काळीज हळू चालतं. वर भरून घेतलेला श्वास खाली पुरवून पुरवून वापरायचा असतो, बरं का. यसूबाय मनात म्हणाली, बेतात आहे अजून.

मग देवमाशीण वर आली. पुरता श्वास घेते न घेते तोच ढोल कडाडले. दुसरी बुडी. यसूबायनं पुन्हा कान लावला. आता शेपटीचे फटकारे येत होते, सपासप, सपासप. पळत होती बिचारी. आपण पळालो की आपलं काळीजही पळतं, हो ना? हिचं उलटंच. धप्... दहा अंक मोजून झाले... तेव्हा धप्. भीतीनं शेपटीला सांगितलं पळ, आणि भीतीनंच काळजाला सांगितलं थिज. श्वास तर भराभर संपत चाललेला.

मग देवमाशीण तिसऱ्यांदा वर येऊ लागली, तर होड्या नेमक्या तिच्या डोक्यावर. नाकपुडी जेमतेम बाहेर निघाली, अर्धाच श्वास मिळाला आणि ती पुन्हा खाली गेली. यसूबायनं कान लावला. धप्. मग वीस अंक झाले. तीस झाले. काहीच नाही.

यसूबायनं थाळी पाण्यात भिरकावली.

गलबतावरचे शिपाई होडी जाळायला मशाल घेऊन सरसावले. शेजारच्या होडीतला कान्हू नाखवा ओरडला, "अगो म्हातारे, खुळावलीस काय? उचल ती फळी नि बडव!"

"तूच बडव तुझं कपाळ," यसूबाय म्हणाली, आणि तिनं होडी सरळ राजाच्या गलबताला भिडवली. "राजा, होडी जाळ माझी. पण आधी या वल्ह्याला कान लाव."

राजा हसला. "मी कान लावू? तुझ्या वल्ह्याला?"

"नको लावू. तू दमाचा पक्का ना रे? शंख फुंकलास की तो थांबेस्तोवर गाव जेवून उठतं म्हणतात. मग नाक दाबून या गलबतावर सात फेऱ्या मार बघू. पळत, हां. आणि मागनं ढोल वाजू दे."

राजाला आपल्या दमाची भारी घमेंड. त्यानं नाक दाबलं, तोंड मिटलं आणि सुटला. एक फेरी झाली, चेहरा लाल. दुसरीला डोळे बाहेर. तिसरीला पाय लटपटले, ओठ जांभळासारखे झाले, आणि राजा धाडकन पडला. नाक सोडून हा हा करत हवा गिळू लागला.

"का रे, सोडलंस नाक?"

"मेलो असतो गं!"

"तुला नाक सोडता आलं," यसूबाय म्हणाली. "तिनं कुठं सोडावं? तिच्या दारावर आपण बसलोय."

राजानं एकदा पिल्लाकडं बघितलं. मग उठायचं त्राण नव्हतं तरी उठला आणि दोन्ही हात वर केले. ढोल थांबले. ताशे थांबले. एक ढोलकरी लांब होता, आवेशात डोळे मिटून बडवत होता. राजानं आपला मुकुट त्याच्या अंगावर फेकला, तेव्हा तो थांबला. होड्या अलगद मागं सरल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही.

यसूबायचा कान वल्ह्याला. सगळे तिच्या तोंडाकडं बघतायत. राजाही गुडघ्यावर बसून बघतोय. किती वेळ गेला, कुणाला ठाऊक.

मग यसूबायचे डोळे भरले. तिनं एक बोट वर केलं. धप्. बऱ्याच वेळानं दुसरं बोट. मग तिसरं. बोटं भराभर उठू लागली.

पाणी फुगलं. देवमाशीण हळूहळू, अगदी हळूहळू वर आली आणि असा मोठा श्वास सोडला, की राजा डोक्यापासून पायापर्यंत भिजला. पिल्लू धावत जाऊन तिच्या अंगाला चिकटलं. वाट मोकळी होती. दोघं सावकाश खाडीबाहेर गेली.

तेव्हापासून त्या बेटावर देवमासा दिसला की ढोल पालथे घालतात आणि वल्ही उचलून धरतात. राजानं सुखानं राज्य केलं. यसूबायला घोळ मिळत राहिली. पिल्लू आईएवढं झालं.

चला, आता पाय पोटाशी घ्या. श्वास सावकाश सोडा. झोपा माझ्या बाळांनो.