तिठ्यावरची तीन वाक्ये

एकदा तांदळाच्या एका व्यापाऱ्याने गावाबाहेरच्या तिठ्यावर पाणपोई बांधली. भिंत कोरी दिसू नये म्हणून तिच्यावर एखादी कथा रंगवून घ्यावी असे त्याच्या मनात आले. तो नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे गेला आणि म्हणाला, "गोष्ट एवढीच हवी, की फुलपात्रभर पाणी पिऊन होईतो वाचूनही व्हावी."

आचार्यांनी ते काम आपल्या शिष्येवर सोपवले. लोकांसमोर जाणारी तिची ही पहिलीच कथा. पंधरा दिवस ती लिहीत होती आणि खोडत होती. अखेर तीन वाक्ये उरली.

'लेक सासरी गेली. एकटी उरलेली आई चुलीपाशी येऊन बसली. तिने दोघींपुरता भात शिजवला.'

कथा रंगवायच्या दिवशी सगळे पाणपोईपाशी जमले. व्यापाऱ्याने ती वाचून मान डोलावली. "सुरेख! फक्त खाली तात्पर्य तेवढं घाला. अन्न वाया घालवू नये."

पंधरा दिवसांच्या खपण्यातून या गृहस्थाने नेमका तांदूळ उचलला होता. शिष्या ठामपणे म्हणाली, "तात्पर्य घालायचंच असेल तर ते मी लिहीन. 'गेलेले माणूस परत येत नाही, सवय मात्र जात नाही.' माझ्या कथेचा अर्थ एवढाच आहे, दुसरा नाही."

"अहो ताई, माणूस पाणी प्यायला येणार. त्याला रडवून कशाला पाठवता?"

"आणि तुम्ही त्याला उपदेश पाजून पाठवणार!"

भिंतीसाठी बोलावलेला रंगारी कुंचला हातात धरून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होता. तेव्हा आचार्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ते रंगाऱ्याला म्हणाले, "कथा रंगव. खाली 'तात्पर्य' एवढा शब्द लिही आणि पुढची जागा मोकळी सोड." मग व्यापाऱ्याकडे वळले. "शेठजी, उद्या दिवसभर ही इथं पाणी देईल. कुणाला काही समजावून सांगणार नाही. सूर्यास्ताला ही जी ओळ सांगेल ती रंगवायची. मान्य?"

दिवसभर घागरी उचलल्या की पोरीच्या डोक्यातले साहित्य आपोआप उतरेल, असा हिशोब करून व्यापाऱ्याने होकार दिला. शिष्येला मात्र या अटीचे प्रयोजन कळले नाही. आपली ओळ ठरलेली असताना संध्याकाळची वाट कशाला पाहायची?

दुसऱ्या दिवशी पहिला आला तो एक गाडीवान. त्याने पाणी पिता पिता वाचले आणि तो खो खो हसला. "तात्पर्य काय त्यात? सकाळी फोडणीचा भात! आई हुशार आहे."

शिष्येच्या ओठांवर उत्तर आले होते. तिने ते गिळले. आचार्य कडुनिंबाखाली डोळे मिटून बसले होते. हसू मात्र मिटलेले नव्हते.

मग लग्नाला निघालेल्या एक पोक्त बाई आल्या. त्यांनी दोनदा वाचले. "लेकीला जेवू न घालताच पाठवलं वाटतं. आणि आता भात शिजवतेय! असल्या घरची सून करू नये बाई," असे म्हणून त्या पदर सावरत चालत्या झाल्या.

शिष्या तरातरा आचार्यांकडे गेली. "गुरुजी, आता पुरे झालं. कुणालाच कळत नाहीये. मी ओळ सांगते, आत्ताच रंगवू दे."

"सूर्यास्ताला," आचार्य म्हणाले.

ऊन चढल्यावर एक तरुण स्त्री आली. शिष्येच्याच वयाची असावी. काखेत गाठोडे, पायांवर धूळ. पाणी पिऊन ती सासरच्या वाटेकडे वळून पाही, मग माहेरच्या वाटेकडे पाही, आणि कुठेच न जाता तिथेच उभी राही. बऱ्याच वेळाने तिचे लक्ष भिंतीकडे गेले. अक्षराला अक्षर जुळवत तिने कथा वाचली.

"दोघींपुरता?" तिने विचारले.

शिष्येने मान हलवली.

"लेक गेल्यावरसुद्धा?"

"हो."

"मग तिचं ताट आहे अजून तिथं." ती स्वतःशीच बोलल्यासारखे बोलली. गाठोडे तिने एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतले. "मी सकाळपासून सासरी परत फिरायचं म्हणत होते, बाई. पण आता जाते आईकडे." आणि माहेरच्या वाटेने ती झपाझप निघून गेली.

शिष्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. 'तात्पर्य' या शब्दापुढच्या मोकळ्या जागेत आपली ओळ असती तर? गेलेले माणूस परत येत नाही. घागर तशीच ठेवून ती कडुनिंबाखाली गेली.

"तिनं चुकीचं वाचलं, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "मी असं लिहिलंच नव्हतं."

"ताट तुझ्याच वाक्यात होतं, बाळ. तिनं ते बाहेरून आणलं नाही. गाडीवानानं भात बघितला, त्या बाईंनी घर बघितलं. तेही तिथंच होतं. तू तीन वाक्यं लिहून थांबलीस म्हणून तर आत यायला जागा राहिली. छोट्या कथेत लेखक अर्ध्या वाटेपर्यंत येतो. उरलेली वाट वाचणारा आपल्या पायांनी चालतो, आणि पाय ज्याचे त्याचे असतात."

"आणि तिच्या आईनं दार उघडलं नाही तर?"

आचार्यांनी माहेरच्या वाटेकडे पाहिले. "ते कथेच्या हातात नाही. तुझी ओळ असती तर मात्र तिनं ते दार वाजवलंच नसतं."

सूर्यास्ताला व्यापारी आला. रंगारी कुंचला बुडवून तयार होता. शिष्येने तो त्याच्या हातून घेतला, चुन्याच्या भांड्यात बुडवला आणि 'तात्पर्य' हा शब्द स्वतः पुसून टाकला.

"अहो, हे काय? मग लोकांना कळायचं कसं?"

"आता वाचा, शेठजी."

व्यापारी कुरकुरत भिंतीसमोर उभा राहिला. तो एकदा वाचून थांबला, मग पुन्हा पहिल्या शब्दावर गेला. त्याच्या आवाजातला व्यापार थोडा उतरला होता. "काय हो ताई, त्या आईचं पुढं काय झालं?"

शिष्येला उत्तर ठाऊक होते. पंधरा दिवसांपासून ठाऊक होते. तिने शांतपणे फुलपात्र भरले आणि त्याच्या हातात दिले.

"पाणी घ्या," ती म्हणाली, "आणि तुम्हीच सांगा."