हैबतीचा दुसरा इशारा

एका डोंगराच्या पायथ्याशी तांब्याच्या खाणीवर पोट भरणारं एक गाव होतं. त्या गावात हैबती नावाचा पाणाड्या राहायचा. इतर गावांतला पाणाड्या विहीर कुठे खणावी ते सांगतो. हैबतीचं काम उलटं होतं. डोंगराच्या पोटातलं पाणी खाणीत कुठून आणि कधी घुसेल, हे त्यानं आधी ओळखायचं. तो भुयारांतून फिरे, खडकाला तळहात लावून पाही, वर येऊन डोंगरावरच्या विहिरींत डोकावे. त्याच्या शब्दाला गावात वजन होतं.

एका वर्षी उत्तरेच्या भुयारातली भिंत पाझरू लागली. पाणी नक्की फुटणार, असं हैबतीनं छातीठोकपणे सांगितलं. खाण बंद झाली. पंधरवडा उलटला, पाणी काही आलं नाही आणि भिंत आपोआप सुकली. लोक पुन्हा कामाला लागले, पण थट्टा सुरू झाली ती थांबेना. लग्नाच्या पंगतीत वाढपी पाण्याचा तांब्या घेऊन आला की कुणीतरी म्हणे, "आधी हैबतीला विचारा, पाणी खरंच येतंय का." पंगत हसे. हैबतीही हसे, पण पंगतीतून सगळ्यांच्या आधी उठे.

तेव्हापासून तो जपून बोलू लागला. एकदा पाहिलेलं चारदा पाही आणि गप्प राही. लोक म्हणत, हैबती आता शहाणा झाला.

पुढं मार्गशीर्षात एका सकाळी तो पूर्वेच्या भुयारात उतरला. तिथं टोकाशी नेहमीच पाणी ठिबके, पण ते नितळ असे. त्या दिवशी ते गढूळ होतं. हैबती वर आला आणि त्या भुयाराच्या डोक्यावरच्या विहिरीत डोकावला. पाणी एक पायरी खाली गेलं होतं.

विहिरीतलं पाणी खडकाच्या भेगेतून खाली वाट काढत असेल का? की कुणी ते उपसून कांद्याचे वाफे भिजवले असतील? आणि भुयारातली माती घणाच्या ठोक्यांनीच सुटली असेल? दोन्ही होऊ शकत होतं. उद्या पुन्हा पाहू, मग बोलू, असं ठरवून तो विहिरीच्या काठावर बसला.

बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, की आपण मघापासून पाण्याचा विचार करतच नाही आहोत. उद्या लोक किती हसतील, याचाच अंदाज बांधतो आहोत. त्याला स्वतःचीच शरम वाटली. तो उठला आणि खाणीचा मुकादम चांगोजी याच्याकडे गेला. काय दिसलं ते त्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "पूर्वेच्या भुयारातली माणसं वर काढ."

"खात्री आहे?" चांगोजीनं विचारलं.

"नाही."

"मग खात्री झाली की सांग."

"खात्री होईल तेव्हा पाणी गळ्याशी आलेलं असेल, मुकादम. मागं मी चुकलो, आजही चुकेन कदाचित. पण माणसं वर असताना चुकलो, तर मला चालेल."

चांगोजीनं माणसं वर बोलावली. ती कुरकुरत आली. तो दिवस गेला, दुसरा गेला. हसणारे हसले. हैबती खाली मान घालून भाकरी खात राहिला.

तिसऱ्या दिवशी डोंगराच्या पोटात घुमल्यासारखा आवाज झाला. पूर्वेच्या भुयाराची भिंत फुटली आणि बघता बघता ते छतापर्यंत भरलं. पहारी, टोपल्या, पलिते सगळं आत बुडालं. माणूस एकही नव्हता.

लोकांनी हैबतीला घेरलं आणि हे कसं कळलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "कळलं नव्हतं. शंका आली, ती बोललो."

त्यानंतर चांगोजीनं त्याला खात्री कधी विचारली नाही, काय दिसलं एवढंच विचारलं. पुढच्या वर्षांत हैबतीचे आणखी दोन इशारे फुकट गेले. दोन्ही वेळा माणसं वर आली, आंब्याच्या सावलीत टेकली, पान खाल्लं, गप्पा मारल्या आणि भिंत कोरडी दिसल्यावर पुन्हा खाली उतरली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

तात्पर्य: धोक्याची शंका आली की हशाला न भिता ती बोलून दाखवावी. इशारा खोटा ठरला तर चार लोक हसतात. इशारा दिलाच नाही तर हसायला कुणी उरत नाही.