राजपुत्राचं शेपूट

सांगणार नव्हतो. पण सूनबाईनं पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "मामंजी, पोरं उन्हात उंडारतायत, बसवा त्यांना." म्हणजे मी काय पोरं राखायला जन्मलो? असो. बसलाच आहात तर ऐका. मोठ्यांनीही ऐका. मधे कुणी बोललं तर मी उठून जाईन.

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या राज्याचं नाव सांगणाराही आता उरला नाही. त्या राज्यात माळावरचं एक गाव होतं. उन्हाळ्यात तिथं काम नाही, सावली थोडी आणि दिवस लांबलचक. म्हणून कुण्या शहाण्या राजानं गावात पोथीघर बांधून दिलं होतं.

त्या गावची एक रीत होती. पाडव्याला ज्याला वाचायचंय त्यानं पोथीघराच्या उंबऱ्याशी यायचं, तळहातावर पाणी घ्यायचं, या उन्हाळ्यात किती वाचणार ते मोठ्यानं सांगायचं आणि पाणी सोडायचं. पोथीघराचा म्हातारा राखणदार तो आकडा गेरूनं भिंतीवर लिहायचा. मृग लागायचा त्या दिवशी हिशेब. नेम पुरा झाला तर पोथ्या घरी न्यायची मुभा. राहिला तर नाव पुसायचं आणि बारा वर्षं दार बंद.

त्या वर्षी पाटलानं पाणी सोडलं. "एकवीस पोथ्या."

लोकांनी माना डोलावल्या. त्याच्या मागं एक बाई उभी होती, पळसाच्या पत्रावळी टाचून विकणारी. त्याच हिवाळ्यात राखणदारानं तिला अक्षरं शिकवली होती, पळसाच्या पानावर काट्यानं ओरखडून. आकडे शिकवायचे राहून गेले होते. तिनं तळहात पुढं केला. "राजपुत्राची पोथी. रोज एक पान."

"पान?" पाटील म्हणाला. "बाई, तुझ्या हाती पान लागलं की त्याची पत्रावळच व्हायची."

सगळे हसले. ती हसली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. लहानपणापासून ती जत्रेत राजपुत्राची कथा ऐकत आली होती. कथेकरी राजपुत्राला नदीपर्यंत आणायचा, त्याचा पाय पाण्यात घालायचा आणि धान्याची झोळी फिरवून उठायचा. नदीपलीकडे काय झालं ते कुणी सांगितलंच नव्हतं. पोथीत असणार, एवढं तिला ठाऊक होतं.

पोथी सत्तर पानांची. पानं सुटी, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती लाल कापडाचं बासन. ती रोज दुपारी यायची, बोट ठेवून एक पान वाचायची आणि जायची. शेजारच्या ओट्यावर पाटील वाचायचा. वाचायचा कसला, गाडी उतारावरून सोडल्यासारखा सुटायचा. पानं अशी उलटायची की वाऱ्यानं समोरच्याचं पागोटं हलावं.

अकराव्या पानाच्या शेवटी राजपुत्रानं पाण्यात पाय घातला. बाईनं घाईनं हात पदराला पुसले. तिनं बारावं पान उचललं.

"आणि त्यास ओवा व काळे मीठ ताकातून पाजावे. शेपूट धरून उठवावे."

तिनं परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. आपल्यालाच अक्षरं नीट येत नसतील, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी वाचलं, तिसऱ्या दिवशी वाचलं. शेपूट काही हलेना.

ती राखणदाराकडे गेली. तो म्हणाला, "लिहिलंय तेच असणार, पोरी. इतकी माणसं वाचून गेली, कुणी काही बोललं नाही."

ती पाटलाच्या ओट्याशी गेली. "पाटील, राजपुत्राला शेपूट होतं का हो?"

पाटलानं पानावरून नजर काढली नाही. "थोरांच्या गोष्टीत काहीही असतं. तू पुढं चल की."

"पुढं कशी जाऊ? मला नदीच ओलांडता येईना."

"मग बस काठावर," पाटील म्हणाला, आणि ओट्यावरची माणसं खो खो हसली.

आता बघा, ते एक पान उलटायला तिला कुणी अडवत नव्हतं. उलटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. नेम पुरा झाला असता, दार उघडं राहिलं असतं. पण जे कळायला ती आली होती तेच त्या पानावर नव्हतं.

पत्रावळी टाचता टाचता तिच्या ध्यानात आलं. ओवा, काळं मीठ, ताक. हे तर पोट फुगलेल्या म्हशीचं औषध. म्हणजे हे पान गुराढोरांच्या पोथीतलं. ते इथं आलंय, तर इथलं तिथं गेलं असेल.

"बाबा, गुरांच्या औषधांची पोथी काढून द्या."

"ती तुझ्या नेमात नाही," राखणदार म्हणाला. "दिवस चाललेत. राहिलीस तर तुझं नाव मला माझ्या हातानं पुसावं लागेल."

"पुसा. पण आधी द्या."

आकडे तिला येत नव्हते, म्हणून हवं ते पान काढता येईना. पहिल्यापासून वाचत सुटली. खुरी, लाळ, गोचीड, सगळं वाचलं. पंधरा दिवस त्यात गेले. आणि मग एका दुपारी गोचिडाच्या पुढं वाक्य आलं: "पाणी कमरेला लागले." ती तिथंच बसून रडली.

राखणदारानं दोन्ही पानं हातात घेतली. दोन्हींवर बाराचा आकडा. कधीतरी कुणाच्या हातून दोन पोथ्या एकदम सुटल्या होत्या, आणि आकडा बघून कुणीतरी इकडचं पान तिकडं बांधलं होतं. म्हाताऱ्यानं दोन्ही पानं आपापल्या पोथीत नीट बांधली.

मृग लागला. गाव जमलं. मागं पडलेलं भरून काढायला बाईनं काही दिवस दोन-दोन पानं वाचली होती, तरी तिची अजून पाच पानं उरली होती.

पाटील पुढं आला. "एकवीस. झाल्या."

"राजपुत्राची पोथी त्यात होती?" राखणदारानं विचारलं.

"सातवी. तोंडपाठ आहे."

"मग नदीत पाय घातल्यावर काय झालं, तेवढं म्हणा."

पाटलानं डोळे मिटले आणि घडाघडा सुरू केलं. "आणि त्यास ओवा व काळे मीठ ताकातून पाजावे. शेपूट धरून..." तिथं तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं स्वतःचं वाचन त्याच्या कानात शिरलं होतं.

"उठवलं का मग राजपुत्राला?" मागून कुणीतरी विचारलं. पाटलाची बायकोसुद्धा पदराआड हसली.

राखणदारानं बाईकडे बघितलं. "दिवे लागेपर्यंत दिवस मोजतात. अजून ऊन आहे. आधी ते बारावं पान गावाला ऐकव, मग तुझी पाच."

ती उंबऱ्यावर बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. पाणी कमरेला लागलं, तेव्हा राजपुत्रानं जड चिलखत सोडलं, मुकुट सोडला, आणि उघड्या अंगानं पोहत तो पलीकडे निघाला. तिकडे त्याला कुणी ओळखलं नाही. म्हणून जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी विचारलं, "जेवलास का रे?"

गावातलं कुणी हललं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते गाव नदीच्या अलीकडेच उभं होतं. बाई वाचत राहिली, एक, दोन, तीन, चार. पाचवं पान तिनं खाली ठेवलं तेव्हा सूर्य माळाला टेकला होता, आणि सगळं गाव तिच्यासाठी उठून उभं राहिलं.

"पानं उलटली, वाचली नाहीत," म्हणत राखणदारानं पाटलाचा आकडा भिंतीवरून पुसला. बाईच्या नावापुढं "पुरा" असं लिहिलं, आणि तिचं बोट धरून तिलाच ते वाचायला लावलं. राजपुत्राची पोथी त्या पावसाळ्यात तिच्या घरी राहिली. पाटील बारा वर्षं उंबऱ्याबाहेर बसून तिचं वाचन ऐकत राहिला, आणि कळलं नाही तिथं आता तोच तिला थांबवायचा.

बोध असा: वाचायचा नेम जरूर करा, पण कळलं नाही तिथं थांबायची लाज धरू नका.

झाली गोष्ट. आणि चावडीवर वाचताना मी एका ओळीशी थांबलो म्हणून चारचौघांत "तुम्हाला वाचता तरी येतं का, आजोबा" असं मला म्हणणाऱ्या वामन केरबा हुलवळ्यानं अजून माफी मागितलेली नाही.