रिकाम्या खुर्चीची मोजणी

"...आणि दोन्ही सारखेच चांगले असतील तर, भंतेजी? मग माणसानं निवडायचं कसं?"

भंते शीलरत्न विहाराच्या ओट्यावर वाळलेल्या चीवराची घडी घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय निवडायचं आहे?"

सुगत वानखडे थोडा अडखळला. इतका वेळ तो मनाच्या अडथळ्यांबद्दल बोलत होता. संशय हाही एक अडथळाच, असं सांगून त्यानं त्याचं पाली नावही घेतलं होतं. त्या विहारात येणाऱ्यांत एवढं वाचलेला दुसरा कुणी नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं.

"रिसिव्हर," तो म्हणाला.

"म्हणजे?"

मग सुगतनं समजावून सांगितलं. त्यानं घरातली मागची खोली सिनेमासाठी तयार केली होती. भिंतींना काळं कापड, खाली जाड गालिचा, चहूबाजूंनी सात स्पीकर. सिनेमातला आवाज आधी एका पेटीत जातो. कोणता आवाज कोणत्या कोपऱ्यातून, किती आणि केव्हा द्यायचा हे ती पेटी ठरवते. ती पेटी म्हणजे रिसिव्हर. ती चांगली असेल तर मागून येणारा माणूस खरंच मागून आल्यासारखा वाटतो.

"ती पेटी स्वतः ऐकते?"

"नाही भंतेजी. ती फक्त वाटून देते."

"बरं."

भंतेजींनी दुसरं चीवर घेतलं.

सुगतला वाटलं, भंतेजी याला चैन समजत असतील. त्यानं घाईघाईनं सांगितलं की हे त्याच्या स्वतःसाठी नाही, आईसाठी आहे. कौतिकाबाईंचा उजवा कान केव्हाच गेला होता. डावाही हळूहळू जाणार, मशीन लावूनही फारसा उपयोग होणार नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. थोडे महिने हातात आहेत, म्हणाले होते. आई सगळा जन्म विटांच्या भट्टीवर राबली. टॉकीजमध्ये ती कधी बसली नाही. कान जायच्या आत तिनं एकदा तरी सगळं नीट ऐकावं. जगातला सगळ्यात चांगला आवाज ऐकावा.

ते खरं होतं.

"मग अडलं कुठे?"

अडलं रिसिव्हरवर. पहिला आणला तो त्यानं परत केला, कारण त्यात आवाज थोडा कोरडा होता. दुसरा आणला तर तिसरा बाजारात येणार असल्याचं कळलं. रात्रंदिवस तो लोकांची मतं वाचे, तक्ते करी, अनोळखी माणसांशी फोनवर वाद घाली. जेवताना मध्येच उठून कोपऱ्यातला स्पीकर बोटभर सरकवी. त्याला येताना पाहिलं की दुकानदार नोकराला सांगे, खोकी काढू नका, आधी चहा मागवा. आता दोन रिसिव्हर घरी आणून ठेवले होते आणि सोमवारी त्यातला एक परत द्यायचा होता. बायको मुलाच्या शिक्षणासाठी पुण्याला राहायची. ती फोनवर एवढंच म्हणाली होती की डोळे मिटून एक उचला.

"आईला कोणता आवडला?" भंतेजींनी विचारलं.

"आईला यातलं काय कळणार, भंतेजी..."

भंतेजींनी घडीवरून हात फिरवला.

ते बोलत नाहीत तेव्हा सुगतला नेहमी काहीतरी बोलावंसं वाटे. त्यानं भंतेजींना रविवारच्या भोजनदानाचं आमंत्रण दिलं. आई स्वयंपाक करील, आणि जेवणाआधी भंतेजींनी दोन्ही यंत्रं ऐकावीत. भंतेजी शांततेत राहतात, त्यांचा कान स्वच्छ आहे. मग त्याला आठवलं की भिक्खूंना गाणं-बजावणं वर्ज्य असतं. तो म्हणाला, गाणी नाहीत, मोजणीचे आवाज आहेत फक्त, पाखरासारखे.

"पाखरांना बंदी नाही," भंतेजी म्हणाले. "येतो."

*

रविवारी भंतेजी आले तेव्हा कौतिकाबाई दारातच उभ्या होत्या. पांढरं लुगडं, हात जोडलेले. त्यांनी भंतेजींच्या पायाजवळ डोकं टेकवलं आणि वर पाहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"सुखी व्हा," भंतेजी सावकाश म्हणाले. तेव्हा कुठे त्या उठल्या.

भिक्खू दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत. म्हणून कौतिकाबाईंनी पहाटेपासून तयारी केली होती. वरण झालं होतं, वांग्याची भाजी झाली होती. खलबत्त्यात जवसाची चटणी कुटायची होती आणि भाताचा कुकर लावायचा होता. भात गरमच वाढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

सुगतनं भंतेजींना सरळ मागच्या खोलीत नेलं.

दार लागल्यावर खोलीत काळोख झाला. मधोमध एकच मोठी खुर्ची होती, आईची. तिच्यावर आई नव्हती, तिपाईवर बसवलेला अंगठ्याएवढा माइक होता. माणसाचं डोकं जिथे येईल तिथेच हा ठेवायचा, सुगत म्हणाला. प्रत्येक स्पीकर एकेक आवाज काढील, माइक तो ऐकेल आणि त्यावरून रिसिव्हर आपल्याला खोलीप्रमाणे जुळवून घेईल. तोवर खोलीत आणि घरात कसलाही आवाज नको.

भंतेजी भिंतीशी खाली बसले.

"पंखा बंद केलाय," सुगत म्हणाला. "फ्रीजही." मग दार किलकिलं करून तो ओरडला, "आई, पाच मिनिटं आवाज नको."

त्यानं फोनवरचं बटण दाबलं. उजव्या कोपऱ्यातून चिवचिवाट झाला, मग डाव्या. मग मागून.

ठक. ठक. ठक.

फोनच्या पडद्यावर अक्षरं उमटली. खोलीत आवाज आहे, मोजणी पुन्हा करा.

"चटणी," सुगत दात आवळून म्हणाला.

त्यानं पुन्हा दार उघडून सांगितलं आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तिसऱ्या स्पीकरशी येऊन ठक, ठक सुरू झालं. आता तो उठूनच गेला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं आईच्या हातातला बत्ता काढून घेतला. ती दचकली. कुकर नुकताच गॅसवर चढला होता. शिट्टीवर नजर खिळवूनच ती कुकरसमोर उभी राहून कुटत होती. सुगतनं गॅस बंद केला.

"भंतेजीले उशीर होते ना बाप्पा," ती म्हणाली.

त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि तो परत आला.

"सांगून ऐकतच नाही," तो भंतेजींना म्हणाला.

भंतेजींनी त्याच्याकडे पाहिलं. काळोखात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

पहिल्या रिसिव्हरची मोजणी झाली. मग तारा काढून दुसऱ्याला जोडायच्या होत्या. एक तार उलटी लागली. मोजणी अर्ध्यावर तुटली. सुगतच्या कपाळावर घाम आला. तो गुडघ्यांवर रांगत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात होता, माइक केसभर इकडे सरकवत होता, केसभर तिकडे, पुटपुटत होता, फोन पाहत होता. शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं," तो म्हणाला. "आता ऐका भंतेजी..."

दार बाहेरून उघडलं. कौतिकाबाई हातात ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात वरण होतं, भाजी होती. भाताच्या जागी काही नव्हतं. त्यांच्या मागे भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

"तांदूळ तसाच राह्यला," त्या हळू म्हणाल्या. "भंतेजी माह्या घरी आले अन् उपाशी राह्यले."

सुगत भंतेजींच्या पायांशी वाकला. चूक झाली, वेळेचं भान राहिलं नाही, असं काहीबाही तो बोलला.

"मला पाणी द्या," भंतेजी म्हणाले.

ते सुगतला नव्हे, कौतिकाबाईंकडे तोंड करून म्हणाले होते. त्या ताट ठेवून पाणी घेऊन आल्या. भंतेजींनी दोन्ही हातांनी पेला घेतला आणि सगळं पाणी सावकाश संपवलं.

मग ते उठले. खुर्चीजवळ गेले. तिपाईसकट माइक उचलून त्यांनी सुगतच्या हातात दिला आणि कौतिकाबाईंना खुर्चीकडे हात दाखवला.

त्या बिचकल्या. खोली झाल्यापासून त्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. आधी माप घेऊ दे, असं सुगत म्हणायचा. आताही त्यांनी मुलाकडे पाहिलं. सुगतनं मान हलवली. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या, मग हळूहळू मागे टेकल्या.

सुगतच्या अंगात पुन्हा हुशारी आली. आईच ठरवेल, तो म्हणाला, हे तर फारच चांगलं. त्यानं दार लावलं. यंत्रं मागच्या बाजूला होती, तिकडे तो गेला. आधी तारा पुन्हा पहिल्या रिसिव्हरला लावून त्यानं घोड्यांचा कळप सोडला. टापा मागच्या भिंतीतून निघाल्या, डोक्यावरून गेल्या आणि पुढच्या भिंतीत शिरल्या. जमीन हादरली. भंतेजींची मानसुद्धा नकळत वळली.

खुर्चीतली मान वळली नाही.

"खुर्ची हालते रे," कौतिकाबाई कौतुकानं म्हणाल्या.

"आता दुसरा ऐक, आई," सुगत म्हणाला. तो अंधारात चाचपडत तारा बदलू लागला. एक टोक सुटलं, पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. खोलीत काहीच वाजत नव्हतं. स्पीकर गप्प होते.

आणि त्या गप्प खोलीत कौतिकाबाई मान डोलावत होत्या.

"लय चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "हाच ठेव बाप्पा."

सुगतचे हात थांबले.

"आई, मी अजून लावलं नाही..."

त्या मान डोलावत राहिल्या.

"आई."

काही नाही.

"आई..."

तो उठला. अडखळत खुर्चीला वळसा घालून समोर आला आणि तिच्या पायाशी बसला. हातातल्या फोनचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता.

"आई, तुला ऐकू येतं?"

तिनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग डोळ्यांकडे. मग ती हसली, लहान मुलाची समजूत काढताना हसतात तशी.

"तुनं एवढ्या हौसेनं केलं," ती म्हणाली. "म्या म्हनलं, होऊ दे त्याचं."

डावा कान केव्हा गेला हे तिलाही नीट सांगता आलं नाही. एक दिवस सकाळी कावळे नव्हते, एवढंच तिला आठवत होतं. मग ती तोंडं बघायला शिकली. त्याला सांगितलं तर तो खोलीचं काम सोडून देईल आणि रडत बसेल, असं तिला वाटलं होतं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. फोनचा पडदा विझला आणि ती बोलायची थांबली.

सुगत भंतेजींकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या विहारात नेहमी माझ्या समोर बसतात. बाजूला कधी बसत नाहीत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं होतंस, कोणता घेऊ."

सुगत उठून उभा राहिला. यंत्रांपाशी गेला, परत आला. त्याला कुठे उभं राहावं ते कळेना. त्याची बोटं अजूनही तारेचं ते सुटलेलं टोक चिवडत होती. दोन्ही परत देतो, तो म्हणाला. मग म्हणाला, नाही, मुंबईला मोठे डॉक्टर आहेत, नवीन यंत्रं निघाली आहेत कानात बसवायची, दोन-तीन प्रकारची, त्यांची माहिती काढतो, तुलना करून... तो मध्येच थांबला. आपण काय बोलतो आहोत ते त्याच्याच कानावर आलं होतं.

अंधारात आई खुर्चीत बसून होती. त्याचा आवाज कुठून येतो आहे ते तिला माहीत नव्हतं, येतो आहे हेही माहीत नव्हतं. ती समोरच्या काळ्या भिंतीकडे पाहून अजून हसत होती, तो समोरच असावा अशा समजुतीनं.

"भंतेजी," सुगत म्हणाला. "मला तिच्याशी बोलायचं आहे. आता कसं बोलू? कुठून सुरुवात करू?"

भंते शीलरत्न चीवर सावरून दाराकडे निघाले होते. ते थांबले.

"दिवा लाव," ते म्हणाले.